फळ हाती ठेवून मागितलेले प्रायश्चित्त

भातसानगरच्या धरणातून सुटणारे पाणी आणि मुरबाडच्या डोंगरांतून उतरणारी काळू ही पुढे एकत्र होऊन उल्हास नदीला मिळतात, आणि ती उल्हास खाडीचे रूप धारण करून ज्या साष्टी बेटाला वळसा घालते त्याच्या काठाशी ठाण्याचा किल्ला आणि खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला उभा आहे. ही दोन ठाणी पोर्तुगिजांकडून घेण्यासाठी मराठी फौजांनी १७३७ पासून १७३९ पर्यंत प्राणपणाने झुंज दिली. शहापूरच्या पश्चिमेस असलेले वज्रेश्वरीचे देवालय ही त्या मोहिमेत चिमाजी आप्पाने बोललेल्या नवसाची खूण अद्याप आपल्या डोळ्यांसमोर आहे. असे असता अवघ्या छत्तीस वर्षांनी, १७७५ च्या मार्च महिन्यात, त्याच चिमाजी आप्पाच्या सख्ख्या पुतण्याने सुरतेस केलेल्या तहनाम्यात साष्टी आणि वसई इंग्रजांच्या पदरात घालण्याचे कबूल केले. आणि इंग्रजांनी तर पुण्याच्या दरबारातील दुफळी पाहून, तहाचीही वाट न पाहता, १७७४ च्या डिसेंबरअखेरीसच ठाण्याचा किल्ला जिंकून घेतला होता. चुलत्याने रक्त सांडून मिळवलेला मुलूख पुतण्याने कागदावर का देऊन टाकला, या प्रश्नाचा माग काढत गेले की आपण १७७३ च्या ऑगस्ट महिन्यातील शनिवारवाड्यात येऊन पोहोचतो, आणि तेथे महत्त्वाकांक्षा, अपराध आणि चित्तभ्रंश यांचे असे एक प्रकरण समोर येते की, शेक्सपिअरच्या मॅकबेथची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

हा पुतण्या म्हणजे रघुनाथराव, पहिल्या बाजीरावाचा मुलगा. त्याची महत्त्वाकांक्षा समजून घ्यायची तर तो नालायक होता ही सोयीची समजूत प्रथम सोडावी लागते. १७५८ साली लाहोर घेऊन ज्याच्या फौजा सिंधूच्या काठी अटकेपर्यंत गेल्या तो पुरुष रणांगणावर सामान्य नव्हता. पानिपताच्या आघातानंतर १७६१ साली नानासाहेब वारला, तेव्हा पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावास मिळाली, आणि सव्वीस वर्षांच्या या विजयी सेनानीच्या वाट्याला पुतण्याच्या वतीने कारभार पाहण्याचे काम आले. वंशपरंपरेचा शिरस्ता एक सांगत होता आणि स्वतःच्या कर्तृत्वाची जाणीव दुसरेच सांगत होती. १७६२ साली आळेगावास त्याने निजामाच्या मदतीने पुतण्याला शरण आणले. १७६८ साली धोडपास त्याच पुतण्याने त्याला पराभूत करून पुण्यास नजरकैदेत ठेवले. ज्याला आपण सिंहासनाच्या योग्यतेचे आहोत असे मनोमन वाटते, आणि ज्याला त्या सिंहासनाच्या सावलीतच, पहाऱ्यात, दिवस काढावे लागतात, त्याच्या मनात कोणता विचार रोज नव्याने उगवत असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

मॅकबेथची अवस्था प्रारंभी अशीच आहे. तोही राजाचा नातलग, तोही नुकताच रण गाजवून आलेला. ज्या ऐतिहासिक मॅकबेथवर हे नाटक रचले त्याने १०४० साली डंकन राजाला मारले ते शयनगृहात नव्हे, लढाईत. त्याच्या काळच्या स्कॉटलंडात राज्य बापाकडून मुलाकडे जावे असा पक्का नियम नव्हता, आणि पुढे सतरा वर्षे त्याने राज्य केले, मध्यंतरी रोमची यात्राही केली. हॉलिन्शेडच्या बखरवजा इतिहासातून शेक्सपिअरने ही कथा उचलली आणि १६०६ च्या सुमारास तिला असे रूप दिले की, एका मध्ययुगीन सत्तासंघर्षाचे अपराधी मनाच्या अभ्यासात रूपांतर झाले. त्यासाठी त्याने युद्धातला वध काढून टाकून निद्रिस्त पाहुण्याची हत्या घातली, आणि त्या हत्येच्या आधी खुद्द मॅकबेथच्या तोंडी तिच्या विरुद्धची सगळी कारणे घातली: हा माझा आप्त आहे, माझा धनी आहे, माझा अतिथी आहे, शिवाय सौम्य राज्यकर्ता आहे. आपण करतो ते काय आहे हे ज्याला पूर्णपणे कळते आणि तरीही जो ते करतो, अशा माणसाची ही शोकांतिका आहे.

रघुनाथरावाच्या बाबतीत हीच यादी किंचित फरकाने मांडता येते. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे निवर्तला, आणि नारायणराव पेशवा झाला. तो पुतण्या होता, धनी होता, ब्राह्मण होता, आणि वयाची अठरा वर्षे त्याने नुकतीच पुरी केली होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत जाऊन चुलत्याच्या कमरेला बिलगला असे सांगतात. त्याला वाचवण्यासाठी अंगावर पडलेला चाफाजी टिळेकरही त्याच्याबरोबर मारला गेला. ज्याच्याकडे पोराने अभय मागितले त्याचा त्या कटात हात होता, ही गोष्ट या खुनाला साध्या राजकीय हत्येच्या पातळीवर राहू देत नाही.

आणि येथे आनंदीबाईचे नाव येते. रघुनाथरावाच्या हुकमात नारायणरावास धरावे असे शब्द होते, त्यात तिने एक अक्षर फिरवून मारावे असे केले, ही हकिकत महाराष्ट्रात इतकी रूढ झाली की ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत कायमचा बसला. एखाद्या न्यायाधीशाने ज्यावर निर्णय द्यावा असा पुरावा मात्र या हकिकतीला मिळालेला नाही. मला स्वतःला ती लोकप्रिय होण्याचे कारण तिच्या सोयीस्करपणात दिसते. पुरुषाच्या हातून केवळ कैदेचा हुकूम सुटला आणि मरण घडले ते बायकोच्या लेखणीने, असे म्हटले की पराक्रमी घराण्याचा वारस अर्ध्याअधिक कलंकातून मोकळा होतो, आणि गुहागरच्या ओकांच्या घरची, राज्यकारभारात कोणतेही अधिकृत स्थान नसलेली एक बाई सगळे ओझे वाहायला उरते. लेडी मॅकबेथच्या बाबतीतही सामान्य वाचक हेच करतो. नाटक वाचून मिटले की ती राक्षसी आणि तो बिचारा भरकटलेला, अशी वाटणी त्याच्या मनात पक्की होते. वस्तुतः राजवधाचा विचार, तिने त्याचे पत्र वाचण्यापूर्वीच, मॅकबेथच्या मनात शिरून त्याचे केस उभे करून गेलेला असतो.

या दांपत्याच्या मनोव्यापाराचे जे चित्र शेक्सपिअरने काढले आहे त्यातील सर्वांत विलक्षण भाग दोघांच्या प्रवासाची उलटसुलट दिशा हा होय. खुनाच्या आधी भास होतो तो मॅकबेथला: रिकाम्या हवेत त्याला खंजीर दिसतो, खुनानंतर आपण झोपेचाच वध केला असा आवाज त्याला ऐकू येतो, हाताला लागलेले रक्त सगळ्या समुद्राच्या पाण्याने निघणार नाही असे त्याला वाटते. त्या वेळी ती मात्र थोड्याशा पाण्याने काम भागेल असे सांगून त्याला धीर देते. पुढे मेजवानीत बँकोचे भूत दिसते तेही त्याला एकट्याला, आणि ती पाहुण्यांची समजूत घालून प्रसंग निभावते. त्यानंतर ती एका अंकाहून अधिक काळ रंगभूमीवर येतच नाही, आणि येते तेव्हा झोपेत चालत, दिवा हाती घेऊन, नसलेला डाग धूत. ज्या गोष्टी त्याने भोगल्या त्याच आता तिच्याकडे आल्या आहेत. आणि तो दरम्यान असा बधिर झाला आहे की, तिच्या मृत्यूची वार्ता येते तेव्हा त्याला रडूही फुटत नाही. फ्रॉइडने १९१६ साली, ज्यांना यशच मोडून टाकते अशा माणसांविषयी लिहिताना, या जोडप्याचा विचार केला आणि दुसऱ्या एका अभ्यासकाच्या आधाराने असे सुचवले की, ही दोन माणसे म्हणजे एकाच मनाचे दोन भाग आहेत. एकात पेरलेले भय दुसऱ्यात उगवते. ही कल्पना शब्दशः मानण्याची गरज नाही, पण बराच काळ एकत्र संसार केलेल्या जोडप्यांत एकाने गिळलेली गोष्ट दुसऱ्याच्या तब्येतीवर उतरते, हे कोणत्याही कुटुंबवत्सल माणसाला ठाऊक आहे.

डाग धुण्याच्या त्या क्रियेचे मानसशास्त्रज्ञांना पुढेही आकर्षण राहिले. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, स्वतःचे दुष्कृत्य आठवायला लावलेल्या लोकांना हात स्वच्छ करण्याची ओढ अधिक वाटते असे दाखवण्यात आले आणि त्याला मॅकबेथचेच नाव मिळाले. मात्र नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत तोच परिणाम दर वेळी हाती लागला नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारणे बरे नव्हे. वारंवार हात धुण्याचा विकार ज्यांना जडतो त्यांतील पुष्कळ माणसे अत्यंत निरपराध असतात, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. मनोविकार हा पापाचा दाखला समजण्याची चूक आपल्या गावांतून अजून होते आणि तिच्यामुळे आजारी माणसाला वैद्याऐवजी मांत्रिकाच्या दारात नेले जाते. लेडी मॅकबेथचा राजवैद्यदेखील तिला पाहून हा माझ्या औषधाचा विषय नाही म्हणतो, परंतु त्याने प्रत्यक्ष तिचे शब्द कानांनी ऐकलेले असतात.

आता मला जे विशेषेकरून सांगायचे आहे त्याकडे येतो. शेक्सपिअरच्या स्कॉटलंडात राजाला विचारणारा कोणी नाही. डंकनच्या खुनाची चौकशी करणारे न्यायपीठ नाही, दोषी कोण हे ज्याने सांगावे असा माणूस एक तर मेला आहे किंवा इंग्लंडात पळाला आहे. म्हणून अपराधाची जाणीव भुताच्या, रक्ताच्या, निद्रानाशाच्या वाटेने बाहेर पडते. तिला दुसरे दार उघडे नसते. पुण्यात तसे नव्हते. पुण्यात रामशास्त्री प्रभुणे हे न्यायाधीश होते, आणि पेशवाईची वस्त्रे ज्याने पुतण्याच्या रक्तातून उचलली त्या धन्याला त्यांच्यासमोर उभे राहावे लागले.

परंपरेने चालत आलेली आणि ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासातही नमूद केलेली हकिकत अशी की, शास्त्रीबोवांनी चौकशी करून दोष थेट रघुनाथरावाच्या माथी ठेवला, आणि त्याने यास प्रायश्चित्त काय असे विचारले तेव्हा देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही असे निक्षून सांगितले. इतके सांगून ते पुण्यातून बाहेर पडले आणि वाईजवळ जाऊन राहिले, याच्या राज्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाही असा निश्चय करून. या उत्तरामागे केवळ निर्भयता नव्हती, शास्त्रार्थही होता. मनुस्मृतीने ब्रह्महत्येस बारा वर्षांच्या वनवासादी प्रायश्चित्ते सांगितली आहेत, परंतु ती न जाणता घडलेल्या वधासाठी; जाणूनबुजून केलेल्या वधास निष्कृती नाही असे तिथेच बजावले आहे. धन्याला सवलतीची फट दाखवणे शास्त्रीबोवांना कठीण नव्हते. दरबारी शास्त्र्यांपैकी दुसऱ्या कोणी ती दाखवलीही असती.

रघुनाथरावाच्या प्रश्नाकडे मी पुनःपुन्हा पाहतो, कारण त्या प्रश्नात एक संपूर्ण मन उघडे पडले आहे. ज्याला काहीच टोचत नाही तो प्रायश्चित्त विचारायला जात नाही. पण ज्याला खरोखर टोचते तो आधी वस्त्रे उतरवून ठेवतो. त्याला हवे होते ते असे प्रायश्चित्त, जे घेतल्यावर पेशवाई हातची जाऊ नये: दाने द्यावीत, ब्राह्मणभोजने घालावीत, तीर्थात स्नान करावे आणि पुन्हा मसनदीवर येऊन बसावे. ‘हॅम्लेट’मधला क्लॉडियस, ज्याला मराठी वाचक आगरकरांच्या १८८३ च्या ‘विकारविलसिता’मुळे ओळखतो, तो प्रार्थनेला गुडघे टेकतो आणि त्याच अडचणीत सापडतो: ज्या राज्यासाठी आणि ज्या राणीसाठी भावाला मारले ती दोन्ही जवळ ठेवून क्षमा कशी मागावी? तो निदान हे स्वतःशी कबूल करतो. रघुनाथरावाला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले, आणि ऐकूनही त्याने मानले नाही.

त्यानंतरची त्याची दहा वर्षे ही जणू त्या न स्वीकारलेल्या निकालाचीच अंमलबजावणी आहे. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर आहे हे कळताच नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाई म्हणवल्या गेलेल्या कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावाचा जन्म झाला. खुनी चुलत्याचा हक्क पाळण्यातल्या पोराने संपवला. त्याआधी मार्चमध्ये कासेगावला रघुनाथरावाने बारभाईंच्या फौजेचा पराभव केला होता आणि त्रिंबकराव पेठे त्यात पडला होता. पुण्याचा रस्ता मोकळा असताना हा जुना सेनानी पुण्यावर चालून न जाता उत्तरेकडे बऱ्हाणपुराकडे वळला. याची लष्करी कारणे देता येतील. परंतु अटकेच्या मोहिमेचा नायक ऐन विजयाच्या क्षणी असा पाय मागे घेतो तेव्हा ज्या शहरात तो वाडा आणि ते न्यायपीठ आहे त्या शहराकडे त्याची पावले वळली नसावीत, असे मला वाटते. आनंदीबाई धारला राहिली. तेथेच १० जानेवारी १७७५ रोजी तिला मुलगा झाला, त्याचे नाव बाजीराव ठेवले.

मग सुरतेचा तह, अडासची लढाई, पुरंदरचा तह, १७७९ ची वडगावची नामुष्की, आणि एक पेशवा इंग्रजांच्या छावणीत त्यांच्या सोयीने पुढे काढला जाणारा आणि सोयीने बाजूला ठेवला जाणारा. आपल्या ठाणे-कल्याण भागाने या भाऊबंदकीची किंमत वेगळी मोजली. १७८० च्या मेमध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वसई पडली, आणि लगेच वज्रेश्वरीजवळ दुगाड येथे रामचंद्र गणेश हा मराठ्यांचा नामांकित सेनापती लढता लढता ठार झाला. चिमाजी आप्पाच्या नवसाच्या देवळापासून हे रणक्षेत्र फार दूर नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी गेली ती गेली, आणि रघुनाथरावास दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. गोदावरीकाठी कोपरगावास तो राहायला गेला आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी, एकोणपन्नास वर्षांचा असता, वारला.

खाडिलकरांनी या सगळ्याचे १९०९ साली ‘भाऊबंदकी’ नाटक केले, आणि त्यात रामशास्त्र्यांना केंद्रस्थानी आणले. परकीय सत्तेच्या काळी न्यायासनापुढे सत्ताधीश उभा करणे याचा प्रेक्षकांना लागणारा अर्थ सांगायला नको. मुंबई मराठी साहित्य संघाने हे नाटक पुढे पुन्हा उभे केले तेव्हा नानासाहेब फाटक राघोबा झाले आणि दुर्गा खोटे आनंदीबाई. आणि शिरवाडकरांनी मॅकबेथचे ‘राजमुकुट’ हे रूपांतर केले, ते १९५४ साली हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील राजा आणि राणी म्हणून उभे राहिले तेही हेच दोघे. शिवराम महादेव परांजप्यांचे ‘मानाजीराव’ हे मॅकबेथचेच रूपांतर त्याच्याही कितीतरी आधीचे. मराठी रंगभूमीला ही दोन जोडपी शेजारी शेजारी ठेवावीशी वाटली, हे तिच्या जाणतेपणाचे लक्षण होय. परंतु शेजारी ठेवल्यावर एक उणीव ठळक दिसते. लेडी मॅकबेथला नाटककाराने झोपेत चालण्याचा प्रवेश दिला, तिच्या तोंडून तिची यातना वदवली. आनंदीबाईला इतिहासाने तसा प्रवेश दिला नाही. पतीनंतर दहा वर्षे ती जगली, नाना फडणीसाच्या देखरेखीखाली मुले वाढवली. या काळात तिचे मन कोणत्या स्थितीत होते हे तिला विचारून कोणी लिहून ठेवले नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पुढच्या पिढ्यांनी एक फिरवलेले अक्षर भरले.

चित्त ढळले ते भलत्याचेच. आनंदीबाई १७९४ साली वारली. त्याच वर्षी तिच्या मुलांना शिवनेरीवर कैदेत ठेवण्यात आले, म्हणजे मुरबाडहून नाणेघाट चढून गेले की जुन्नरला जो किल्ला लागतो तिथे. त्या किल्ल्यातून तरुण बाजीरावाने आपल्या वयाच्या सवाई माधवरावाशी गुप्तपणे पत्रव्यवहार सुरू केला. ज्याच्या बापाला आपल्या बापाने मारवले त्याच्याशी. हा पत्रव्यवहार उघडकीस येताच नानाने धन्याला कठोर शब्दांत धारेवर धरले. जन्मापूर्वीच बाप गमावलेला, मुत्सद्द्यांच्या पहाऱ्यात वाढलेला हा एकवीस वर्षांचा पेशवा खिन्न झाला, तापात भ्रमिष्टासारखा बोलू लागला, आणि १७९५ च्या ऑक्टोबरात त्याच शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडून दोन दिवसांनी मरण पावला; तो पडला की त्याने उडी घेतली याचा वाद अद्याप मिटलेला नाही. त्याला मूलबाळ नव्हते. वर्षभराच्या खटपटी आणि कारस्थानांनंतर १७९६ च्या डिसेंबरात पेशवाईची वस्त्रे रघुनाथराव आणि आनंदीबाई यांच्या थोरल्या औरस मुलाने, बाजीरावाने, अंगावर घेतली. त्याचा मर्जीतला त्रिंबकजी डेंगळे पुढे गंगाधरशास्त्री पटवर्धनाच्या खुनाच्या आरोपावरून १८१५ साली इंग्रजांच्या कैदेत पडला आणि वर्षभरात निसटला; आणि १८१८ च्या जूनमध्ये स्वतः बाजीराव माल्कमच्या स्वाधीन होऊन, सालिना आठ लाखांच्या तनख्यावर, ब्रह्मावर्तास निघून गेला.